अंडी नाहीत

माझे भाऊजी एका जागी स्वस्थ बसलेत हे दृश्य मी शुक्रवारपर्यंत पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा हलत असतो. दोन घास खाल्ले की उठून नळ बंद आहे का बघतात, आणखी दोन घास खाल्ले की खिडकी लावतात, मग ताई ओरडते, "अहो, ताट काय पळून चाललंय का?" मग बसतात. पुन्हा उठतात. सव्वीस वर्षं असंच चाललंय, आणि का चाललंय हे आम्हा तिघांनाही माहीत आहे, पण बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. मला असले नियम आवडत नाहीत. पण ताईचं घर, ताईचा नियम.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. एका मोठ्या संशोधन संस्थेत ते मासे सांभाळतात. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काचेची भांडी, नळ्या आणि डिश धुते. ही नोकरी मला त्यांनीच मिळवून दिली. एकोणीस वर्षं झाली, एकदाही त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्याचाच मला जास्त राग येतो. बोलून दाखवलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

मासे म्हणजे अर्ध्या बोटाएवढे, अंगावर निळेकाळे पट्टे असलेले झेब्राफिश. खायचे नव्हेत, शोभेचेही नव्हेत. अंड्यातून जीव कसा घडतो ते बघायला ठेवलेले. त्यांच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत टाक्याच टाक्या. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, पंपाची घरघर डोक्यात बसते आणि दाराची कडी कायम ओली. भाऊजी तिथे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून या टोकाकडून त्या टोकाला फिरत असतात. सगळे त्यांना काका म्हणतात. काका कुठे आहेत असं विचारलं की उत्तर ठरलेलं: आत्ता इथे होते.

त्यांची सकाळ मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी ते छोट्या डब्यांत एक नर आणि एक मादी ठेवतात, मध्ये एक पारदर्शक पट्टी. सकाळी आठला खोलीतले दिवे आपोआप लागतात. दिवे लागले की भाऊजी एकेक पट्टी उपसत जातात. माशांना वाटतं उजाडलं. वीस मिनिटांत अंडी. डब्याच्या तळाला जाळी असते, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. जाळीखाली पडलेली अंडी भाऊजी चहाच्या गाळणीत गोळा करतात. हो, साधी चहाची गाळणी! लाखांची यंत्रं आहेत तिथे, पण गाळणीवाचून कोणाचं काही चालत नाही. मग ती धुवायची, निळसर औषधी पाण्याच्या डिशमध्ये सोडायची आणि डिश उबेच्या कपाटात ठेवायची.

आणि दुपारी एकला ते दुसरं काम करत. कपाट उघडायचं, ड्रॉपर घ्यायचा आणि खराब अंडी वेचून काढायची. चांगलं अंडं काचेसारखं आरपार असतं. खराब झालं की पांढरट होतं, उकडल्यासारखं. एक कुजलं की डिशमधलं सगळं पाणी नासतं, म्हणून वेचायचं, असं त्यांना पूर्वीच्या साहेबांनी शिकवलेलं. तेही बरोबरच होतं. पण भाऊजी तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळीच अंडी खराब निघाली, तर ते सगळी डिश माझ्या धुण्याच्या टबात ओतायचे आणि वहीत लिहायचे: "अंडी नाहीत."

एकदा, फार वर्षांपूर्वी, सगळ्या डिश पांढऱ्या निघाल्या तेव्हा साहेबांनी खोलीभर आरडाओरडा केला होता. तुमचं पाणी खराब, तुमचं लक्ष नाही, वगैरे. आणि त्याच सुमारास शिकणारी एक मुलगी मेलेल्या अंड्यांची डिश समोर ठेवून दुपारभर रडत बसली होती. तेव्हापासून भाऊजींनी ठरवून टाकलं की खराब अंडी कोणाच्या नजरेला पडायची नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बघून काय करायचंय? वाईट तेवढं वाटतं." मी म्हटलं, बरं. मला काय, धुवायची डिश. चांगली काय आणि वाईट काय, धुवावी तर लागतेच.

आता टायमरबद्दल सांगते. दोन वर्षांपूर्वी एक नवी मुलगी संशोधन करायला आली. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. गळ्यात दोरीला बांधलेला स्वयंपाकघरातला टायमर, आणि तो सारखा वाजायचा. म्हणून तिचं नाव टायमर. मला मावशी म्हणायची. आल्या दिवसापासून माझ्या टबापाशी उभी राहून डबा खायची, कारण तिच्या खोलीत म्हणे सगळे खाताना कामाचं बोलतात. पोरगी मला आवडायची. दुपारी दोनला ती वर्गातून यायची, भाऊजींनी ठेवलेल्या स्वच्छ डिश घेऊन मायक्रोस्कोपपाशी जायची आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायची.

गेल्या सोमवारी ती डबा न उघडताच स्टुलावर बसली. डोळे लाल.

"काय झालं गं?"

"शुक्रवारी दोनला मोठ्या बाईंकडे मीटिंग आहे. माझं काम बंद करणार."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. बाई वाईट नाहीत, पण तारीख म्हणजे तारीख. टायमरची दोन वर्षं संपत आली होती आणि हाताला काही लागलं नव्हतं. काम बंद झालं तर सगळं पहिल्यापासून, नाहीतर बॅग भरून घरी. घरच्यांनी तर म्हणे आधीच विचारायला सुरुवात केलेली, मासे बघून झाले का म्हणून.

"तू शोधतेस तरी काय?" मी विचारलं. दोन वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं, याची लाज वाटली.

"एक आई शोधतेय, मावशी."

मग तिने सांगितलं, आणि मला कळेल असं सांगितलं. अंडं पडल्यावर पहिले तीन तास पिल्लाचे स्वतःचे जीन झोपलेले असतात. एका पेशीच्या दोन होतात, चार होतात, आठ, सोळा, पार हजारापर्यंत. हा सगळा कारभार चालतो तो आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या सामानावर. तीन तासांनी पिल्लाचे जीन जागे होतात आणि मग ते आपलं आपण बघायला लागतं.

"म्हणजे शिदोरी," मी म्हटलं. "आईने बांधून दिलेली."

"अगदी बरोबर! शिदोरी!" पोरगी पहिल्यांदा हसली. "आता समजा, शिदोरीतला एक जिन्नस बनवायचा जीन एखाद्या मादीत बिघडलेला आहे. तिच्याकडे बघून काही कळत नाही. ती धडधाकट असते, कारण तिला तिच्या आईने तो जिन्नस भरून दिलेला होता. पण तिला स्वतःला तो बनवता येत नाही. मग तिची अंडी पडतात छान, वाढायलाही लागतात, आणि दुपारी एकच्या सुमाराला सगळीच्या सगळी थांबतात. एकही वाचत नाही. तशी मादी सापडली तर आईचं कुठलं सामान कशासाठी लागतं ते कळेल. दोनशेवर माद्या तपासल्या मी. एकीचीही अंडी तशी नाहीत. काहींनी तर घातलीच नाहीत."

"म्हणजे दोष आईचा," मी जरा घुश्शातच म्हटलं. असलं बोलणं आमच्या घराने पुष्कळ ऐकलंय.

"दोष कसला हो मावशी? बिघडलेल्या जीनची एक प्रत तिच्या आईकडून आलीय आणि एक बापाकडून. त्यांची दुसरी प्रत चांगली होती, म्हणून त्यांचं भागलं. तिला तर माहीतही नसतं."

पुढचं मला ऐकू आलं नाही. काहींनी घातलीच नाहीत! माझ्या हातातली डिश फुटलीच असती, पण ती प्लॅस्टिकची. ज्या अंड्यांसाठी ही पोरगी दोन वर्षं जिवाचं रान करत होती, ती माझ्या टबातून, माझ्या हातांनी, गटारात गेली होती. एकदा नाही, दोनदा नाही. आठवड्याला दोन-तीन डिश तरी.

मी तिला काही बोलले नाही. तडक माशांच्या खोलीत गेले.

"भाऊजी, ती पोरगी खराब अंडीच शोधतेय."

ते टाकीत जाळी घालत होते. हात थांबला नाही. "खराब अंडी कोण शोधतं?"

"ती. सगळीच्या सगळी खराब होणारी. तुम्ही ज्यांना 'अंडी नाहीत' लिहिता ती."

आता हात थांबला. मग त्यांनी जाळी ठेवली, दुसऱ्या ओळीत गेले, तिथला नळ फिरवून पाहिला, तिसऱ्या ओळीत गेले. मी मागे मागे. माझ्या चपला ओल्या फरशीवर घसरत होत्या आणि मला राग येत होता.

"उभे राहा की जरा!"

"मला कोणी सांगितलं का, खराब ठेवा म्हणून?"

"नाही. पण आता मी सांगतेय ना? शुक्रवारी तिचं काम बंद होणार आहे. तिला जाऊन सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"बघू," असं म्हणून ते छतापर्यंतच्या शिडीवर चढले, म्हणजे मला मागोमाग येता येऊ नये.

मंगळवार गेला. ते सांगायला गेले नाहीत. टायमर समोरून आली की ते बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर. मला त्यांची भीती कळत नव्हती असं नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. वहीत स्वतःच्या हस्ताक्षरात खोटं लिहिलेलं, तेही दोन वर्षं. चौकशी झाली तर काय होईल कोणास ठाऊक. पण म्हणून पोरीचा बळी द्यायचा? बुधवारी सकाळी मी सरळ दम भरला. "गुरुवार संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत, तर मी सांगेन. आणि मी सांगितलं तर कसं सांगेन ते तुम्हाला माहीत आहे."

ते खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि खाली वाकून बादल्या सरकवायला लागले. मला वाटलं, झालं, पुन्हा पळाले. पण त्यांनी हाक मारली.

सगळ्यात खालच्या फळीवर, बादल्यांच्या मागे एक टाकी होती. एकोणीस वर्षांत मी ती पाहिली नव्हती. आत अकरा माद्या पोहत होत्या, चांगल्या गुबगुबीत. टाकीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं: जुन्या.

"या त्याच," भाऊजी म्हणाले.

मला नियम माहीत होता. वहीत तीनदा 'अंडी नाहीत' आलं की ती मादी बर्फाच्या पाण्यात घालून संपवायची. उगाच जागा अडवायची नाही.

"तुम्ही मारल्या नाहीत?"

"काय म्हणून मारू?" ते एकदम माझ्यावरच उखडले. "काय वाकडं केलंय त्यांनी? खातात, पोहतात, अंडी धरतात, घालतात. पुढचं त्यांच्या हातात आहे का? सांग ना, आहे का?"

ते माशांबद्दल बोलत नव्हते हे मला समजलं होतं, आणि मला समजलंय हे त्यांना.

सव्वीस वर्षांपूर्वी ताईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गेली. तिची सासू येता-जाता म्हणायची, हिच्या पोटात काही ठरत नाही. ताई ऐकून घ्यायची, मी दात-ओठ खायचे. पण ही तिसरी ठरली. पूर्ण नऊ महिने. ताईने तीन टोप्या विणल्या होत्या, दोन पांढऱ्या आणि एक पिवळी. आणि जन्मल्यावर ती मुलगी रडलीच नाही. ताई चार दिवस शुद्धीत नव्हती. पाचव्या दिवशी भानावर आली तोवर सगळं उरकलं होतं. ती घरी आली तेव्हा पाळणा नाही, दुपटी नाहीत, लोकरीचा गुंडा नाही, सुयासुद्धा नाहीत. भाऊजींनी एका रात्रीत खोली अशी साफ केली होती, जणू तिथे कधी काही होणारच नव्हतं. तिला बघायला लागू नये म्हणून.

ताईने एवढंच विचारलं, "मला दाखवली का नाही?" भाऊजी चपला घालून बाहेर गेले ते तिन्हीसांजेला परत आले. त्यानंतर ती विचारत नाही आणि ते थांबत नाहीत. ताई मला मात्र दर दोन-चार वर्षांनी एकदा म्हणते, "निदान ती पिवळी टोपी तरी ठेवायची होती गं."

गुरुवारी चार वाजता भाऊजींनी सांगितलं. मी मुद्दाम दाराशी धुतलेल्या नळ्या मोजत उभी होते, मोजणं सगळं चुकत होतं. टायमर आतल्या टेबलापाशी होती. भाऊजींनी वही दोन्ही हातांत छातीशी धरलेली.

"यातलं 'अंडी नाहीत' सगळं खोटं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे काय, काका?"

"अंडी होती. दुपारी खराब झाली. मी फेकली."

तिच्या गळ्यातला टायमर वाजायला लागला. तिने तो बंद केला नाही. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"दोन वर्षं, काका! दोन वर्षं मी स्वच्छ डिश बघत बसले! मला वाटलं मीच मूर्ख आहे, मला शोधता येत नाही. रात्र रात्र झोप नाही मला. मला चांगली नको होती हो, मला वाईटच बघायची होती! मी काय बघायचं ते तुम्ही कोण ठरवणार?"

भाऊजींचा चेहरा मी दारातून पाहिला. पोरीने आरडाओरडा केला याचं त्यांना काही नव्हतं, तो त्यांनी पूर्वीही खाल्ला होता. पण ते तिच्याकडे असे बघत होते, जणू समोर कोणी दुसरंच उभं आहे. मी नळ्यांचा ट्रे खाली ठेवला.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी बादल्या सरकवल्या.

टायमर ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसली. अकरा माद्या तिच्या नाकासमोरून गेल्या.

"या जिवंत कशा?"

"ठेवल्या."

"कुठली कुठल्या घराण्यातली ते आता कसं कळणार?" तिचा आवाज पुन्हा चढला.

तेव्हा भाऊजींनी बोट लावून सांगायला सुरुवात केली. ही शेपटी फाटलेली, चौथ्या ओळीतली सातवी टाकी. ही तिसरा पट्टा फिकट असलेली, तिची सख्खी बहीण. ही जाडी, पाचव्या ओळीतली. अकराच्या अकरा तोंडपाठ. टायमर वहीच्या मागच्या पानावर भराभरा लिहीत होती आणि मध्येच नाक पुसत होती. पाच जणी एकाच घराण्यातल्या निघाल्या. त्या संध्याकाळी पाच डब्यांत पाच जोड्या लागल्या, आणि सहाव्यात एक साधीसुधी जोडी, ताडून बघायला.

शुक्रवारी आठला दिवे लागले. पट्ट्या भाऊजींनीच उपसल्या. वीस मिनिटांनी गाळणीत अंडी आली, सहाही डब्यांत, आणि टायमर मायक्रोस्कोपला जी चिकटली ती उठेना. दोनला मीटिंग. माझ्या टबात भांड्यांचा डोंगर साचला होता, पण मी दर पंधरा मिनिटांनी डोकावायचे. दोन, चार, आठ. "सगळ्या छान चालल्यात," ती म्हणायची, रडवेल्या आवाजात. भाऊजी खोलीत चकरा मारत होते. साडेनऊला सगळ्या छान. साडेदहाला छान. सव्वाअकराला, शिदोरी संपायच्या वेळेला, तरीही छान. आयुष्यात पहिल्यांदा मी अंडी मरू देत म्हणून देवाला विनवत होते, आणि मग स्वतःवरच चिडत होते.

साडेबारा वाजून गेले तेव्हा टायमर म्हणाली, "मावशी, या. आधी साधी बघा."

मी डोळा लावला. पिवळसर गोळा आणि त्याच्या डोक्यावर पेशींचा ढीग. तो ढीग चपटा होऊन खाली सरकायला लागला होता, चारी बाजूंनी सारखा.

"बाळाच्या डोक्यावरून टोपी ओढतात ना, तसा तो खाली येतो आणि सगळा गोळा झाकतो," ती म्हणाली. "आता ही बघा. फाटक्या शेपटीवालीची."

तिथे टोपी आलीच नव्हती. ढीग होता तिथेच बसून होता. सगळ्या अंड्यांत. फिकट पट्टेवालीच्या डिशमध्येही तेच, आणि जाडीच्याही. उरलेल्या दोन जणींच्या काही चालली होती, काही नव्हती. पण या तिघींची एकूण एक थांबली होती. एकला पहिलं अंडं फुटलं आणि पांढरं झालं.

टायमर किंचाळली. आनंदाने. खुर्ची मागे पडली, तिने मला मिठी मारली, माझ्या ओल्या एप्रनसकट. आणि त्याच वेळी मी पाहिलं, भाऊजी टेबलापाशी आले होते आणि त्यांच्या हातात ड्रॉपर होता. सवय. एक वाजला होता, अंडं पांढरं झालं होतं. हात आपोआप डिशकडे गेला.

टायमरने त्यांचं मनगट धरलं. "काका, नका."

ते दचकले. ड्रॉपर ठेवला.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "कधी बघितलंय का आतून? बसा इथे."

तिने खुर्ची उचलून दिली. भाऊजी बसले आणि त्यांनी डोळा लावला. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. तो हलत नव्हता.

"एवढी वाढतात?" अखेर ते म्हणाले. "मला वाटायचं, पहिल्यापासूनच काही नसतं त्यांच्यात."

"सगळं असतं, काका. एक वस्तू सोडून सगळं."

दोनला मीटिंग झाली. टायमरला आणखी दीड वर्ष मिळालं. भाऊजींना लेखी ताकीद मिळाली, आणि वहीत जे दिसेल तेच लिहायचं असा हुकूम. त्यांनी ताकिदीचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला आणि खालची टाकी उचलून डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर ठेवली.

पाचला ते माझ्या दाराशी आले. "घरी चल," म्हणाले. एकोणीस वर्षांत कधी बरोबर नेलं नव्हतं, कारण यांच्या चालीने चालायचं म्हणजे माझा जीव जातो. त्या दिवशी ते हळू चालत होते. मला जास्तच भीती वाटली.

ताई चहा टाकत होती. भाऊजी आत आले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. बूटसुद्धा काढले नाहीत.

"बरं नाही का?" ताईने विचारलं. बसलेले दिसले म्हणूनच.

"तिला केस होते," भाऊजी म्हणाले.

ताई वळली नाही. पातेल्यातला चमचा तेवढा थांबला.

"भरपूर. काळे. कपाळावर आलेले."

मी दारात उभी. आत जावं की बाहेर, कळेना. चहा वर आला, उतू जाऊन शेगडीवर सांडला, तरी कोणी हललं नाही. मग ताईने गॅस बंद केला. मला वाटलं आता ही पातेलं उचलून फेकणार, आणि फेकलं असतं तर मी तिचीच बाजू घेतली असती. सव्वीस वर्षं! तिने दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"नाक?"

"तुझं. जरा बसकं."

"माझं नाक बसकं नाही," ताई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. भाऊजी उठले नाहीत. नळ बघायला गेले नाहीत, खिडकी लावायला गेले नाहीत. तिने विचारावं आणि त्यांनी सांगावं. बोटं लांब होती. त्यांनी मोजली होती, दहाच्या दहा. उजव्या कानामागे तीळ होता. डोळे मिटलेले, त्यामुळे रंग माहीत नाही, खोटं कशाला सांगू, म्हणाले.

"आणि सगळं टाकून दिलंत तुम्ही," ताई म्हणाली. "पाळणा, दुपटी, सगळं. माझी पिवळी टोपी."

"ती नाही टाकली."

ताईने मान वर केली.

"तिला घातली. जाताना थंडी होती. मीच घातली, माझ्या हाताने."

ताई खूप वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"बसली?" तिने विचारलं. "मी अंदाजानेच विणली होती."

"बसली," भाऊजी म्हणाले. "अगदी बरोबर बसली."